दुसऱ्या मालकाची करिझ्मा

फौजेत लांब पल्ल्याची मोटारसायकल म्हणजे बुलेट, हे समीकरण जुनं. पन्नासच्या दशकात सैन्यासाठी इंग्लंडहून बुलेट मागवल्या गेल्या आणि १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. पण वेगात पळणारी आणि तरीही दिवसभर बसून अंग न मोडणारी, ज्याला स्पोर्ट-टूरिंग म्हणतात, तशी गाडी लेफ्टनंटच्या पगारात बसत नव्हती. २००३ साली हीरो होंडाने करिझ्मा आणली आणि ती जागा भरली.

२२३ सीसी, एक सिलिंडर, साधारण १७ अश्वशक्ती. आज हे आकडे किरकोळ वाटतील. पण इंजिन होंडाच्या सीआरएफ२३० या कच्च्या रस्त्यावरच्या गाडीच्या घराण्यातलं, म्हणजे मार खायला बनवलेलं. अर्धं फेअरिंग छातीवरचा वारा अडवायचं. २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनवाली झेडएमआर आली. २०१० च्या डिसेंबरात हीरो आणि होंडा यांनी वेगळं होण्याचं ठरवलं. २०२३ मध्ये करिझ्मा हे नाव परत आलं, पण वेगळ्या इंजिनावर. जुनी हवी असेल तर आता ती सेकंड हँडच घ्यावी लागते.

आणि सेकंड हँड गाडीचा खरा बाजार छावणीत. पोस्टिंगचा हुकूम आला, पुढची जागा फील्ड एरिया असली, की गाडी विकणं भाग. नाहीतर टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या पार्सल ऑफिसात न्यायची. मी माझी करिझ्मा अशीच जबलपूरला घेतली. नंबर कर्नाटकचा, विकणारा कॅप्टन ईशान्येकडे निघालेला.

अशा सौद्यात इंजिनाचा आवाज सगळे ऐकतात, कागद कोणी वाचत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. दोन राज्यांत खेटे नकोत म्हणून कित्येक गाड्या तीन-तीन हात फिरतात आणि नाव पहिल्याचंच राहतं.

यात धोका विकणाऱ्यालाही आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो. त्या खटल्यातही गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्या नावावर होती. म्हणजे तुम्ही सियाचीनला असाल आणि तुमची विकलेली गाडी पुण्यात कोणाला धडकली, तर नोटीस तुमच्या नावाने निघते.

२०२१ पासून बीएच मालिका आली. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला एकच नंबर देशभर चालतो आणि सैनिक त्यात येतात. नवीन गाडी घेणाऱ्या जवानांची मोठी सोय झाली. पण बीएच नंबरची गाडी विकली तरी मालकाचं नाव बदलावंच लागतं.

मी त्या कॅप्टनला सांगितलं होतं, एनओसी हातात आली की पैसे खात्यात. तीन आठवडे गेले, पण काम झालं. रिटायर झालेल्या वरिष्ठांना आणि तरुण जवानांना एवढीच विनंती, आजवर विकलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर एकदा टाकून बघा. नोंद अजून तुमच्याच नावावर असेल, तर आजच फोन लावा.