लंडनवालीचा शोध

'आया' हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो की तो पोर्तुगीजांकडून आला हे ध्यानातही येत नाही. इंग्रजी अमदानीत साहेबांची मुले सांभाळणाऱ्या बाईला हे नाव पडले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आगबोटीचा प्रवास आखूड झाला आणि मडमा मुलाबाळांसह मुंबईहून विलायतेला ये-जा करू लागल्या. वाटेत मुलांना सांभाळायला आया लागे. बोट धक्क्याला लागली की अनेकींचे काम संपे. काहींजवळ परतीचे तिकीट असे, काहींजवळ तेही नसे. १९०८ साली अशाच एका आयेला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर एक पौंड देऊन सोडून दिल्याची नोंद आहे.

अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' होते. आधी ते ऑल्डगेट भागात होते. १९०० साली लंडन सिटी मिशनने ते हॅकनीत किंग एडवर्ड्स रोडवरील २६ क्रमांकाच्या घरात नेले आणि १९२१ साली त्याच रस्त्यावरच्या ४ क्रमांकाच्या घरात. परत हिंदुस्थानात निघालेले एखादे कुटुंब मिळेपर्यंत आया तेथे राहत. मिशनऱ्यांची नजर धर्मांतरावर होती हे खरे. पण डोक्यावर छप्पर मिळे हेही तितकेच खरे. रोझिना विसराम यांनी १९८६ साली आपल्या ग्रंथात हा विस्मृतीत गेलेला इतिहास मांडला. २०२२ साली २६ क्रमांकाच्या घरावर स्मृतिफलक लागला.

या इतिहासाशी आमचे नाते घरचे आहे. आमच्या पणजोबांची धाकटी बहीण मुंबईत एका साहेबाकडे मूल सांभाळायला होती. पहिल्या महायुद्धापूर्वी ती त्या कुटुंबाबरोबर बोटीत बसली, ती परतलीच नाही. घरातल्या बायका तिला 'लंडनवाली' म्हणत. खरे नाव सांगणारे आता कोणी उरले नाही. घराण्याच्या शजऱ्यात मुलगे, नातू, पणतू सारे आहेत. मुलींची नावे नाहीत.

तिचा माग काढायचा तर तिच्या नावाने काढता येईना. मग आम्ही साहेबाच्या आडनावापासून सुरुवात केली; ते मात्र घरात सर्वांच्या तोंडी होते. मुंबई इलाख्यातील गोऱ्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. त्यांत मुलाच्या नावासोबत बापाचे नाव आणि हुद्दा मिळतो. तेथून पुढे उतारूंच्या याद्या. ब्रिटनला येणाऱ्या बोटींच्या याद्या १८७८ पासूनच्या, तर तेथून निघणाऱ्यांच्या १८९० पासूनच्या जपलेल्या आहेत. त्यानंतर दर दहा वर्षांची खानेसुमारी. १९२१ पर्यंतचे तक्ते पाहता येतात. १९३१ चे इंग्लंडचे तक्ते १९४२ च्या आगीत जळाले आणि १९४१ साली युद्धामुळे गणतीच झाली नाही.

एका यादीत साहेबाची मडम सापडली, दोन मुले सापडली. खालच्या ओळीत एकच शब्द होता: आया. नाव नाही, वय नाही. पुष्कळ याद्यांत असेच आहे; कुठे नुसते 'आया', कुठे तिच्यापुढे मालकाचेच आडनाव. ती आमचीच लंडनवाली असावी असे वाटते, पण तसे सिद्ध करणारा कागद नाही. १९११ च्या खानेसुमारीत त्या कुटुंबाच्या घरी कोणी आया नाही. ती दुसऱ्या घरी लागली, बोटीवरच वारली, की तेथेच कुठे दफन झाली, हे याद्या सांगत नाहीत.

साहेबाच्या कारकुनाने तिचे नाव विचारले नाही, याचा राग येतो. पण शजरा लिहिणारे तर तिच्या घरचेच होते. त्यांना नाव विचारायचीही गरज नव्हती. दोन्ही दप्तरांनी तिला सारखेच वगळले. म्हणून आम्ही शजऱ्यात पणजोबांच्या नावाशेजारी एक ओळ वाढवली आहे: 'एक बहीण, विलायतेस गेली.'

आपल्यापैकी कुणाच्या घरात अशी एखादी विलायतवाली, आफ्रिकेवाली असेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना आजच विचारा. मालकाचे आडनाव, सांभाळलेल्या मुलाचे नाव, बोटीचे साल, यांतले एक जरी हाती लागले तरी माग निघू शकतो. आणि तिचे स्वतःचे नाव कुणाला आठवत असेल तर ते सर्वांत आधी लिहून ठेवा.