पाटावरची मांडी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी पाट मांडतात. त्यांतला एक गेली काही वर्षे रिकामाच असतो. आईला आता खुर्चीवर बसवून तेल लावतो. तिच्या दोन्ही गुडघ्यांत कृत्रिम सांधे आहेत. चालते, जिना चढते, तक्रार करीत नाही. पण पाटाकडे एकदा पाहते. त्या पाहण्यामुळेच मी या सांध्याच्या इतिहासाकडे वळलो.

१८९० मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी क्षयाने पोखरलेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसविली. जंतुसंसर्गापुढे ते प्रयोग टिकले नाहीत. शिवाय गुडघा म्हणजे काही दाराची बिजागरी नव्हे. तो वाकताना मांडीचे हाड नडगीच्या हाडावर घरंगळते, सरकते आणि किंचित वळतेही. हे जाणून १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, वॉकर आणि भारतातून तिकडे गेलेले चित्तरंजन राणावत यांनी जो सांधा घडविला, त्याच वाटेने आजची शस्त्रक्रिया चालते. याच राणावतांनी २००० साली मुंबईत पंतप्रधान वाजपेयींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली.

रीत ऐकायला सुतारकामासारखी आहे. गुडघ्यावर उभा छेद घेऊन वाटी बाजूला सारतात. झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडाला धातूची बैठक आणि मध्ये प्लॅस्टिकची गादी बसवितात. खरे कसब पुढेच आहे. पाय सरळ रेषेत यायला हवा आणि दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सारखे ताणलेले हवेत.

त्या पहिल्या सांध्यांना सुमारे ९० अंशांचे वाकणे पुरेसे वाटे, कारण ते खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी घडले होते. मांडी घालायची तर त्याहून कितीतरी अधिक हवे. पंगत, पूजा, चूल, सारे जमिनीवर असलेल्या आपल्या लोकांचे काय? पुण्यात १९६५ साली रुग्णालय सुरू करणाऱ्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी हा प्रश्न मनावर घेतला. आपल्या माणसांच्या हाडांची मापे आणि बसण्याची सवय ध्यानात घेऊन त्यांनी ‘इंडस’ हा भारतीय बनावटीचा गुडघा सिद्ध केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

अर्थात सांधा कोणताही असो, शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती नेटाने केला, यावरही पुष्कळ अवलंबून असते.

हे सारे मी आईला वाचून दाखविले. ती म्हणाली, “म्हणजे माझ्या मांडीचाही कुणी विचार केला होता तर!” यंदाही तिचा पाट आम्ही मांडणार आहोत. ती बसेल खुर्चीवरच. पाय मात्र पाटावर ठेवील.