पाचारण (ल्यूथरन पाळकाचे)

एखाद्या मंडळीने पाळकास आपल्या सेवेसाठी रीतसर बोलाविणे, यास मराठी ख्रिस्ती परिभाषेत पाचारण म्हणतात. मेथडिस्टांमध्ये पाळकांच्या नेमणुका बिशप करतो. परंतु अमेरिकेतील मिसूरी सिनड या ल्यूथरन संघात एका मंडळीत रुजू असलेल्या पाळकासही दुसरी मंडळी पाचारण करू शकते, आणि मग उत्तर देईपर्यंत त्याच्यापाशी दोन पाचारणे असतात, व दोन्ही ईश्वराचीच मानली जातात.

ल्यूथरनांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकाराच्या चौदाव्या कलमाने रीतसर पाचारणावाचून कोणी जाहीर उपदेश करू नये वा संस्कार देऊ नयेत असे ठरविले. या कलमाची खरी कसोटी मिसूरीत लागली. १८३८ च्या अखेरीस मार्टिन स्टेफानच्या नेतृत्वाखाली सहाशेहून अधिक सॅक्सन लोक देशांतर करून मिसूरीकडे निघाले. त्यांच्याबरोबरचे पाळक आपापल्या मंडळ्या सोडून आले होते. १८३९ त स्टेफान पदच्युत झाला, तेव्हा जी मंडळी देवाने सोपविली होती ती आपण कोणत्या अधिकाराने सोडली, हा प्रश्न या पाळकांच्या सदसद्विवेकास जाळू लागला. ब्रॉइन्सडोर्फची मंडळी सोडून आलेला कार्ल फर्डिनांड विल्हेल्म वाल्थर त्यांपैकीच होता. सेंट लुइस येथील ट्रिनिटी मंडळीचा पाळक असलेला त्याचा बंधू १८४१ च्या आरंभी निवर्तला व मंडळीने वाल्थरला पाचारण केले. पण त्याने तत्काळ होकार दिला नाही. त्याच वर्षी एप्रिलात आल्टेनबुर्ग येथील वादसभेत, जेथे देवाचे वचन व विश्वासी जन आहेत तेथे मंडळी आहे आणि तिला पाळक बोलाविण्याचा अधिकार आहे, असे त्याने प्रतिपादिले, आणि त्यानंतरच ते पाचारण स्वीकारले. त्या विलंबातच या सर्व पद्धतीचे मर्म आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आजच्या रिवाजात पाळक अर्ज करीत नाही. सिनडच्या जिल्हाध्यक्षाकडून आलेल्या नावांचा विचार करून मंडळीची सभा निवड करते व वेतन, निवास, कर्तव्ये नमूद केलेले पाचारणपत्र धाडते. ते हाती पडताच पाळक आपल्या चालू मंडळीस ही वार्ता कळवितो. गुपचूप तोलून पाहण्याची ही बाब नव्हे. मग काही आठवडे प्रार्थनेत, पत्नीशी व मंडळीच्या वडिलांशी विचारविनिमयात, सहपाळकांच्या सल्ल्यात जातात. येथे हाती घेतलेले काम अर्धवट राहील काय, तेथील गरजेस आपल्याजवळची दाने अधिक जुळतात काय, मुलांचे शिक्षण, वृद्ध मातापित्यांची सोय, हे सारे विचारात येते, आणि ते यावेच, कारण संसाराच्या गरजा ओळखणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. मात्र केवळ अधिक वेतन वा मोठे शहर हे सबळ कारण मानीत नाहीत. मनातील ओढ हीच ईश्वरी इच्छा असे समजणेही धोक्याचे असते, म्हणूनच जी मंडळी त्यास सोडणार तिचेही मत विचारले जाते. नकार दिल्यास पाचारणपत्र परत जाते व बोलाविणारी मंडळी पुन्हा सभा भरविते. होकार दिल्यास तो चालू मंडळीकडे शांततापूर्वक मुक्तता मागतो.

ही मुक्तता पूर्णच असावी असेही नाही. मिसूरी सिनडने वाल्थरला आपल्या सेमिनरीच्या अध्यापकपदी निवडले, तेव्हा ट्रिनिटी मंडळीने संमती दिली, पण त्यास आपला मुख्य पाळक म्हणून राखले, आणि १८८७ त देहावसान होईपर्यंत तो त्या पदावर राहिला.