थांबलेले हृदय आणि सामान्यांचे हात

‘हृदयक्रिया बंद पडल्यामुळे निधन झाले’ हे मराठी वृत्तपत्रांतील रूढ वाक्य आहे. त्यात हृदय थांबणे हे कारण आणि मृत्यू हे कार्य. या दोहोंमधील चार-पाच मिनिटांना मात्र वाक्यात जागा नाही. ती मिनिटे कोणाच्या अधिकारातील, हा प्रश्न आधुनिक प्रथमोपचाराच्या इतिहासात दीर्घकाळ अनिर्णीत राहिला.

बुडालेल्या माणसाच्या बाबतीत तो लवकर सुटला होता. १७६७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे आणि १७७४ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या संस्थांनी बुडालेल्यांना शुद्धीवर आणण्याच्या रीती जनतेत प्रसृत केल्या व वाचविणाऱ्यांस बक्षिसे दिली. त्या रीतींत गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडण्यासारखे निरर्थक उपायही होते. परंतु उपाय करणारा नावाडी असो वा वाटसरू, त्याच्या अधिकाराविषयी शंका घेतली जात नव्हती. थांबलेले हृदय मात्र शल्यविशारदाकडेच राहिले, आणि त्यास सबळ कारण होते. छाती उघडून हृदय हाताने दाबणे हाच तेव्हाचा मान्य उपाय असल्यामुळे तो शस्त्रक्रियागृहाबाहेर नेणे जवळजवळ अशक्य होते.

१९५८ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ही स्थिती पालटली. विजेच्या धक्क्याने हृदय पूर्ववत करण्याचे प्रयोग कुत्र्यांवर चालू असता, यंत्राच्या जड पट्ट्या छातीवर दाबताच रक्तदाब वाढतो, हे निकरबॉकर या तरुण अभियंत्याच्या ध्यानी आले. विद्युत्-अभियंते कौवेनहोव्हेन आणि शल्यविशारद ज्यूड यांच्यासह त्यांनी जुलै १९६० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. हे रुग्ण अर्थात रुग्णालयातील होते. तरीही दोन हातांखेरीज या उपायास काहीच लागत नाही व तो कोणालाही, कोठेही आरंभिता येईल, असे लेखकांनी स्वच्छ म्हटले होते.

तथापि हे हात कोणाचे, हे ठरण्यास आणखी तेरा वर्षे लागली. १९६६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने भरविलेल्या परिषदेने हे शिक्षण डॉक्टर, परिचारिका व तत्सम व्यावसायिकांस द्यावे अशी शिफारस केली. सामान्य जनता तीत नव्हती. अननुभवी हातांनी बरगड्या मोडतील, यकृतास इजा होईल, ही भीती खोटी नव्हती. परंतु तिची तुलना कशाशी करावयाची? ज्याचे हृदय थांबले आहे त्याच्या बाबतीत काहीच न करणे ही सर्वांत मोठी हानी होय. हा हिशेब तेव्हा पुरेसा मांडला गेला नाही, असे म्हणावे लागते.

कोंडी फुटली ती व्यवहारात. जिवंत माणसावर छाती दाबण्याचा सराव करता येत नाही, ही मोठी अडचण होती. नॉर्वेतील स्टॅव्हँगर येथील खेळण्यांचे उत्पादक आसमुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये तयार केलेल्या मनुष्याकृती बाहुलीने ती दूर झाली. ती प्रथम श्वास देण्याच्या आणि लवकरच छाती दाबण्याच्याही सरावासाठी वापरली जाऊ लागली. १९७२ मध्ये सिॲटल येथे लेनर्ड कॉब यांनी नागरिकांना सामूहिक शिक्षण देण्यास प्रारंभ केला. १९७३ च्या राष्ट्रीय परिषदेने तेच धोरण स्वीकारले आणि १९७४ मध्ये त्याची मानके प्रसिद्ध झाली.

पुढे तर क्रमच उलटला. प्रौढ व्यक्ती एकाएकी कोसळल्यास अप्रशिक्षित माणसाने मदत बोलावून केवळ छाती दाबत राहावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सांगितले. परक्याच्या तोंडास तोंड लावण्याचा संकोच हे त्यामागील एक कारण होते. शतकानुशतके सामान्यांच्या हाती असलेली श्वास देण्याची कृती अशा प्रसंगी ऐच्छिक झाली, आणि शस्त्रक्रियागृहातील कृती रस्त्यावर आली. बुडालेल्यांस व लहान मुलांस मात्र श्वास देणे आजही आवश्यक मानले जाते.