खाडी संपते तेथून पुढे : रत्नागिरीच्या नद्या आणि खळाळत्या पाण्यातील नौकास्पर्धा

रत्नागिरी जिल्ह्यातील नौकानयनाचा इतिहास हा मुख्यतः भरती-ओहोटीच्या पाण्याचा इतिहास आहे. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी आणि अर्जुना या नद्या सह्याद्रीच्या कड्याखाली उगम पावून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात समुद्राला मिळतात, आणि या आखूड वाटेचा मोठा भाग खाडीचा, म्हणजे भरतीबरोबर आत चढणाऱ्या व ओहोटीबरोबर परतणाऱ्या संथ पाण्याचा असतो. चिपळूणजवळचे गोवळकोट समुद्रापासून सुमारे ४० किलोमीटर आत असूनही गलबते तेथपर्यंत येत, ती या भरतीच्या जोरावर. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने कराडकडे जात असे. राजापूर आणि संगमेश्वर या जुन्या पेठांचीही जडणघडण अशाच खाडीच्या टोकाशी झाली. भरतीचे पाणी जेथवर चढे तेथवर तांडेलाचे राज्य चाले आणि त्यापुढे बैलाचे.

याच सीमारेषेपासून एका वेगळ्या जलक्रीडेचा प्रांत सुरू होतो. ‘कॅनो स्लॅलम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रीडाप्रकारात खेळाडू एकट्याने लहान, हलकी नौका घेऊन खडकांतून फेसाळत उतरणाऱ्या पाण्यात शिरतो आणि वर टांगलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून, म्हणजे फाटकांमधून, ठरलेल्या क्रमाने वाट काढत कमीत कमी वेळात खालचे टोक गाठतो. ‘स्लॅलम’ हा शब्द नॉर्वेजियन भाषेतील असून उतारावरची वाट असा त्याचा अर्थ आहे. बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतीतून तो १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पाण्यावर आला. या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९४९ मध्ये जिनिव्हा येथे झाली आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ऑग्सबर्ग येथील कृत्रिम प्रवाहावर त्याला प्रथम ऑलिंपिकचे स्थान मिळाले. त्यानंतर मात्र थेट १९९२ पर्यंत तो ऑलिंपिकबाहेर राहिला, कारण असा प्रवाह बांधणे खर्चाचे होते आणि यजमान शहराजवळ योग्य नदी क्वचितच सापडे.

ज्या जिल्ह्यात होडी घराघरांत ठाऊक आहे, त्या जिल्ह्यात या खेळाची परंपरा का निर्माण झाली नाही, या प्रश्नाचे उत्तर वरच्या भूगोलात जसे आहे तसेच ते ऋतुचक्रातही आहे. चिपळूण-संगमेश्वरच्या पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला नौका वाहून नेण्याजोगे वेगवान पाणी पूर्वी याच काळात असे. उरलेले आठ महिने तेथे काळ्या पाषाणाचे उघडे पात्र, गोटे आणि मधूनमधून साचलेले डोह एवढेच शिल्लक राहत. नेमका हाच चार महिन्यांचा काळ किनाऱ्यावरच्या होडीच्या विश्रांतीचा असतो. खारवी, गाबीत, भोई, कोळी आणि दालदी समाजांतील नाखवे पावसाळ्यापूर्वी आपल्या होड्या ओंडक्यांवरून ओढून किनाऱ्यावर घेत, नारळाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांनी त्या शाकारत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून त्या पाण्यात लोटत नसत. नदी धावू लागे तेव्हा होडी झापाखाली असे. होडी पाण्यात उतरे तेव्हा नदीची धाव ओसरू लागलेली असे.

होडीची घडणही याच पाण्याला अनुसरून झाली. लाकडाचा एकसंध ओंडका कोरून केलेली डोण किंवा तिच्या कडांवर फळ्या चढवून उंच केलेली होडी समुद्राच्या लाटेत कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूला काही अंतरावर, आडव्या दांड्यांना बांधून, एक लांबट लाकूड तरंगत ठेवले जाते. त्याला उलांडी म्हणतात. उलांडीने होडीला स्थैर्य येते, पण तिची वळण्याची ताकद कमी होते, आणि खडकाळ अरुंद पात्रात तर तेच लाकूड अडकून होडीचा घात करील. स्लॅलमची नौका याच्या अगदी उलट विचारावर आधारलेली आहे. सुमारे साडेतीन मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद असलेल्या या नौकेला ना उलांडी असते ना सुकाणू. ती स्वभावतःच अस्थिर असून खेळाडूच्या कमरेच्या हालचालीने कलते आणि जागच्या जागी फिरते. कयाक या प्रकारात खेळाडू पाय पुढे पसरून बसतो व दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे चालवतो, तर कॅनो या प्रकारात तो गुडघे टेकून एका पात्याचे वल्हे वापरतो. पावसाळ्यातील नदी ओलांडण्यासाठी देशावर आणि कोकणात दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून जी सांगड केली जाई, तिचाही हेतू कलंडू नये हाच होता. दोन गोष्टी जुळवण्याला मराठीत आजही सांगड घालणे म्हणतात, इतकी ती व्यवहारात रुळलेली होती. धारेला आडवे जाऊन पैलतीर गाठणे हे तिचे काम होते. धारेबरोबर खाली उतरण्याची गरज व्यापाराला, मासेमारीला वा प्रवासाला पडली नाही, म्हणून त्या कामाची नौका येथे घडली नाही.

विसाव्या शतकात ही स्थिती बदलली, ती मात्र क्रीडेच्या ओढीने नव्हे, विजेच्या गरजेने. पश्चिम घाटाच्या माथ्यावर पडणारे पाणी निसर्गतः पूर्वेकडे, कृष्णेच्या खोऱ्यात वाहत जाते. ते धरणाने अडवून बोगद्यातून पश्चिमेच्या कड्याखाली सोडल्यास शेकडो मीटरच्या उंचीचा लाभ मिळतो, हे टाटा समूहाच्या जलविद्युत प्रकल्पांनी दाखवून दिले. मुळशीच्या धरणाचे पाणी रायगड जिल्ह्यातील भिरा येथे उतरवून तेथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. या वीजगृहातून बाहेर पडणारे पाणी कुंडलिका नदीत जाते, आणि त्यामुळे उन्हाळ्यात कोरडी पडणारी ही नदी कोलाडपर्यंत बारा महिने वाहू लागली. आज तेथे रबरी तराफ्यांतून जो प्रवास चालतो, त्याचे वेळापत्रक भिऱ्याहून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर बांधलेले असते. पाणी सुटले की नदी चढते, आणि काही तासांनी ते ओसरले की दगड पुन्हा उघडे पडतात. या सोयीची किंमत घाटापलीकडे मोजली गेली, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. मुळशी खोऱ्यातील मावळ्यांची शेती आणि गावे या धरणाखाली गेली, आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या, सेनापती बापट यांच्या नावाशी कायमच्या जोडल्या गेलेल्या सत्याग्रहाला यश आले नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात हाच बदल कोयनेने घडवला. सातारा जिल्ह्यात अडवलेले कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे भूमिगत वीजगृहात उतरवण्यास १९६२ मध्ये प्रारंभ झाला. पुढे ते कोळकेवाडी धरणात साठवून अलोरे येथे त्यावर पुन्हा वीज निर्माण करण्याची व्यवस्था झाली, आणि १३ मार्च १९९९ रोजी शिवसागर या कोयनेच्या जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेण्यात आले. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट होते, आणि कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्यानुसार त्यासाठी दरवर्षी ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळवण्यास मुभा आहे. वीजनिर्मितीनंतर उरणाऱ्या या पाण्याला अवजल म्हणतात. शब्दात ‘अव’ असला तरी ते निवळ आणि थंड पाणी असते. त्याच्यामुळे वाशिष्ठी बारमाही झाली, चिपळूणच्या परिसरातील गावांना आणि कारखान्यांना पाणी मिळाले, आणि ते मुंबईकडे नेण्याच्या योजनेची चर्चाही वर्षानुवर्षे होत राहिली. वेगवान पाणी, खडकाळ उतार आणि पावसाळ्याबाहेरचा प्रवाह या तिन्ही गोष्टी जिल्ह्याच्या इतिहासात प्रथमच एकत्र आल्या, त्या अलोरे आणि चिपळूण यांच्या मधल्या पट्ट्यात.

तरीही अशा पाण्यावर राष्ट्रीय स्पर्धा भरवणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी स्पर्धेची बांधणी जवळून पाहावी लागते. दोनशे ते चारशे मीटरच्या प्रवाहावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तारा ताणल्या जातात आणि त्यांवरून कप्प्यांच्या साहाय्याने १८ ते २५ फाटके टांगली जातात. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्यांमधून प्रवाहाच्या दिशेने जायचे असते, तर लाल-पांढऱ्या काठ्यांमधून प्रवाहाविरुद्ध चढून. ही उलटी फाटके बहुधा मोठ्या खडकामागे, जेथे पाणी मागे वळून स्थिरावते तेथे लावली जातात; खेळाडूने मुख्य धारेतून निसटून नौकेचे नाक त्या उलट्या धारेत घालायचे, क्षणार्धात वळायचे आणि पुन्हा धारेत यायचे, यातच या खेळाचे सारे कौशल्य दिसते. काठीला वल्ह्याचा, नौकेचा किंवा अंगाचा स्पर्श झाला तर वेळात २ सेकंद मिळवली जातात आणि फाटक चुकले तर ५० सेकंद. काठीचे खालचे टोक पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभरच वर असते. म्हणून स्पर्धा चालू असताना पाणी वीतभर चढले तरी काठ्या धारेत सापडून डोलू लागतात, आणि तितकेच उतरले तर सकाळी गेलेल्या खेळाडूची वेळ आणि दुपारी गेलेल्या खेळाडूची वेळ एका तराजूत तोलता येत नाही. आयोजकांची खरी कसोटी येथे लागते. फाटकांची रचना ऐन वेळी ठरते, खेळाडूंना त्या रचनेवर सराव करू दिला जात नाही, त्यांनी काठावर उभे राहून आणि प्रात्यक्षिक फेरी पाहून ती मनात उतरवायची असते. काठांवर पंच वाटून बसवावे लागतात, आणि प्रत्येक अवघड वळणाखाली दोर घेऊन बचावपथक सज्ज ठेवावे लागते. या सगळ्याच्या मुळाशी पाण्याचा एकसारखा पुरवठा असतो, आणि तो ज्याच्या हाती असतो तोच वास्तविक यजमान ठरतो.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात ओकोई नदीवर या गोष्टीचा चांगला दाखला मिळतो. तेथे वीजनिर्मितीसाठी नदीचे पाणी लाकडी पाटाने वळवल्यामुळे पात्र दशकानुदशके कोरडे होते. १९७६ मध्ये तो जुना पाट नादुरुस्त होऊन बंद पडला, पाणी पात्रात परतले आणि नौकाविहार करणाऱ्यांनी ते आपलेसे केले. पाट दुरुस्त झाल्यावर, वीजनिर्मितीच्या नुकसानीची भरपाई करून ठरावीक दिवशी पाणी सोडण्याचा तोडगा निघाला, आणि त्याच नदीच्या वरच्या अंगाला १९९६ च्या ऑलिंपिकची स्लॅलम स्पर्धा झाली. वीजप्रकल्पाने ओकोईचे पाणी हिरावले, तर कुंडलिकेला आणि वाशिष्ठीला ते दिले. पण पाण्याची वेळ ठरवण्याचा अधिकार दोन्हीकडे वीजगृहाकडेच राहिला. कोयना हे विजेची मागणी वाढेल त्या तासांना चालणारे केंद्र असल्याने अवजलाचा प्रवाह दिवसभर सारखा नसतो, आणि स्पर्धेला नेमका तोच सारखेपणा हवा असतो.

भारतात या खेळाला स्थिर घर मिळाले ते नर्मदेवर, महेश्वरजवळच्या सहस्रधारा या ठिकाणी. अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीपासून थोड्याच अंतरावर नर्मदा काळ्या पाषाणाच्या पट्ट्यात शिरून असंख्य धारांनी फुटते. हा पाषाण आणि सह्याद्रीचा पाषाण एकाच प्राचीन लाव्ह्याचे आहेत. राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा तेथे झाल्या आणि २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात झालेल्या ‘खेलो इंडिया’ युवा क्रीडास्पर्धेतील स्लॅलमही तेथेच भरली. परंपरेनुसार महेश्वर हीच माहिष्मती, आणि आपल्या हजार हातांनी नर्मदा अडवणाऱ्या सहस्रार्जुनाची ही नगरी. त्याचा वध करणाऱ्या परशुरामाने समुद्र मागे सारून कोकण वसवले अशी श्रद्धा आहे, आणि त्याचे देऊळ चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या खोऱ्यावर नजर ठेवणाऱ्या डोंगरात उभे आहे. दोन्ही नद्यांच्या कथा पाणी अडवण्याशी आणि हटवण्याशी अशा एका धाग्याने बांधल्या गेल्या आहेत.

धरणाच्या पाण्यावाचून, निव्वळ पावसाच्या पाण्यावर अशी स्पर्धा भरवण्याचा मार्गही पश्चिम घाटाने दाखवला आहे. केरळातील कोळिकोड जिल्ह्यात कोडंचेरीच्या परिसरात चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या नद्यांवर २०१३ पासून ऐन पावसाळ्यात ‘मलबार रिव्हर फेस्टिव्हल’ भरतो आणि त्यासाठी देशोदेशींचे कयाकपटू येतात. त्या नद्याही कोकणच्या नद्यांसारख्याच आखूड आणि उताराच्या आहेत. वाशिष्ठीच्या बाबतीत मात्र पावसाळ्याचा विचार वेगळ्या गांभीर्याने करावा लागतो. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही वेळी तिच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली, २०२१ च्या पुरात माणसे दगावली, आणि त्यानंतर पात्रातील गाळ व गोटे काढण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. ज्या गोट्यांमुळे उलटी धार तयार होते, तेच गोटे पुराचे पाणी तुंबवतात; म्हणून या नदीत खेळाच्या सोयीसाठी दगड कोठे ठेवावा हा प्रश्न तिच्या काठच्या वस्तीला विचारल्यावाचून सोडवता येणार नाही. शास्त्री आणि काजळी यांच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात मिळणारे पाणी अशा कोणत्याही वीजगृहाच्या अधीन नाही, पण मुसळधार सरीनंतर काही तासांत ते जसे चढते तसेच पाऊस उघडल्यावर उतरते. गोवळकोटच्या बाजूला आजही होड्या भरतीच्या तिथीप्रमाणे सुटतात, आणि तेथून काही किलोमीटर वर येणारे अवजल मुंबई-पुण्याच्या दिव्यांची गरज किती आहे त्याप्रमाणे येते.