दोन डिस्कांची नोंद

लिनक्सच्या जन्माची गोष्ट आता बखरीसारखी झाली आहे. हेलसिंकीचा एक विद्यार्थी, त्याची खोली, नवा पीसी आणि त्यावर उभी राहिलेली युनिक्ससारखी प्रणाली. ती पुष्कळांनी सांगितली. खुद्द लिनस टोरवाल्ड्सनेही दहा वर्षांनी आत्मकथनात सांगितली. पण बखर वाचायची तर अस्सल कागद शेजारी ठेवून, हे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी आपल्याला शिकवले. आणि या गोष्टीचे अस्सल कागद शाबूत आहेत. १९९१ मधले जाहीर निरोप आहेत, पहिल्या आवृत्तीसोबतचे टिपण आहे, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे मूळ कोड आहे. कोड लिहिताना प्रोग्रॅमर मध्येच स्वतःसाठी शेरे लिहून ठेवतो. ते शेरे इतिहासकारासाठी लिहिलेले नसतात, म्हणूनच मला ते जास्त विश्वासाचे वाटतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. युनिक्स ही मोठ्या यंत्रांवरची प्रणाली. तिच्या सातव्या आवृत्तीपासून एटी अँड टी कंपनीने तिचा कोड वर्गात शिकवण्यावर बंदी घातली. अॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी त्यावर उपाय म्हणून मिनिक्स लिहिले. १९८७ मध्ये ते पाठ्यपुस्तकाबरोबर बाहेर आले आणि साध्या पीसीवर चालू लागले. ते शिकवण्यासाठी लहान ठेवलेले होते. इंटेलच्या ३८६ चिपची ३२ बिटांची ताकद त्यात वापरलेली नव्हती. ती वापरता यावी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस इव्हान्स यांनी मिनिक्ससाठी दुरुस्त्या तयार केल्या होत्या. टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये ३८६चा पीसी घेतला, त्यावर मिनिक्स बसवले, आणि त्याच मिनिक्सच्या आधाराने स्वतःची प्रणाली लिहायला घेतली.

२५ ऑगस्ट १९९१ चा त्याचा निरोप प्रसिद्ध आहे. हा छंद आहे, मोठे काही होणार नाही, असे तो मिनिक्स वापरणाऱ्यांना सांगतो. लोक हे वाक्य विनयाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्याच निरोपाचा शेवट महत्त्वाचा वाटतो. ही प्रणाली दुसऱ्या यंत्रावर नेता येणार नाही, आणि एटी जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही तिला बहुधा कधीच चालणार नाही, असे तो लिहितो. कारणही देतो: त्याच्याकडे तेवढेच आहे. यात विनयाचा प्रश्न नाही, ही सामानाची यादी आहे. आणि यादी पडताळून पाहता येते.

१७ सप्टेंबर १९९१ रोजी ०.०१ आवृत्ती फिनलंडच्या सार्वजनिक सर्व्हरवर ठेवली गेली. टोरवाल्ड्सच्या मनात नाव होते ‘फ्रीक्स’. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेमके यांनी डिरेक्टरीला ‘लिनक्स’ नाव दिले आणि तेच टिकले. सारा कोड सुमारे दहा हजार ओळींचा आहे. त्यात ‘कॉन्फिग’ नावाची एक छोटी फाइल आहे. यंत्राची माहिती प्रणालीला स्वतःहून कळत नव्हती, ती या फाइलीत हाताने लिहून मगच कोड कंपाइल करायचा. फाइलीत दोनच यंत्रांची सोय आहे. एकाचे नाव ‘लिनस_एचडी’, दुसऱ्याचे ‘लासू_एचडी’. लासू म्हणजे लार्स विर्झेनियस, विद्यापीठातला मित्र. जगात ज्या दोन घरांसाठी ही प्रणाली तयार होती, त्यांची नावे कोडमध्येच लिहिलेली आहेत.

लिनसच्या ओळीत आकडे आहेत: ५ हेड, १७ सेक्टर, ९८० ट्रॅक, आणि हेच आकडे दोनदा. सेक्टरला ५१२ बाइट धरून गुणाकार केला की ४,२६,४९,६०० बाइट येतात, म्हणजे साधारण ४० एमबी. आकडे दोनदा आहेत, म्हणजे तशा दोन डिस्का. मूळ फाइल सिस्टिम कुठे, याचा संकेतही दिलेला आहे, आणि तो दुसऱ्या डिस्कच्या पहिल्या भागाकडे बोट दाखवतो. पहिली डिस्क मिनिक्सकडे राहिली आणि नव्या प्रणालीला दुसरी दिली, असा तर्क यावरून करता येतो. लासूच्या ओळीत एकच डिस्क आहे, पण ती जवळजवळ तिप्पट मोठी.

आता मेमरी. आत्मकथनात नव्या पीसीची मेमरी ४ एमबी आहे. कॉन्फिग फाइलीत लिनसच्या नावापुढे ८ एमबी आणि लासूच्या नावापुढे ४ एमबी. मेमरी सांभाळणाऱ्या फाइलीत डिसेंबरचा एक शेरा आहे, त्यात तो आपल्याजवळ ६ एमबी मोकळे असल्याचे म्हणतो. एकाच माणसाच्या एकाच वर्षातल्या यंत्राचे तीन आकडे. पहिल्या दोहोंचा मेळ सोपा आहे: जानेवारी ते सप्टेंबरच्या दरम्यान मेमरी वाढवली असावी. तिसऱ्याचे उत्तर डिसेंबरच्या ०.११ आवृत्तीच्या कोडमध्येच सापडते. एकूण मेमरी ६ एमबीहून जास्त आणि १२ एमबीपर्यंत असेल, तर पहिले २ एमबी प्रणाली स्वतःच्या आणि डिस्कच्या बफरच्या वापरासाठी राखते. आठातून दोन गेले, सहा उरले. प्रोग्रॅमना मिळणारी जागा तेवढीच होती, म्हणून चाचणी घेताना त्याच्या मनात सहाचा आकडा होता. हा माझा निष्कर्ष आहे, पण कागद त्याच्या बाजूने आहेत.

ती चाचणीही त्याच फाइलीत नोंदलेली आहे. १ डिसेंबर १९९१ रोजी त्याने प्रोग्रॅमचा हवा तेवढाच भाग मेमरीत आणण्याचे काम हाती घेतले. २ डिसेंबरला अनेक प्रोग्रॅमनी मेमरीची तीच पाने वाटून घेण्याचे काम. मग त्याने एकाच वेळी तीसेक शेल, म्हणजे आज्ञा घेणारे प्रोग्रॅम, चालवून पाहिले. जुन्या पद्धतीत ते सहा एमबीत मावले नसते, आता मावले. पुढचे शेरे १८ ते २० डिसेंबरचे. मेमरी अपुरी पडली की काही पाने डिस्कवर टाकायची आणि हवी तेव्हा परत आणायची, हे स्वॅपचे काम अठराला सुरू झाले. एकोणीसला चालते, पण मधूनच चुकते आणि कारण कळत नाही, असा शेरा आहे. त्याच्याच खाली चूक सापडल्याची नोंद. वीस तारखेला स्वॅपची डिस्क बदलता यावी म्हणून फेरफार. या कामाचे कारण त्याने नंतर सांगितले आहे: जर्मनीतल्या कोणाच्या तरी यंत्रात फक्त २ एमबी होते आणि त्यात कंपाइलर चालत नव्हता. ज्याच्याकडे पुरेशी मेमरी होती त्याने कमी मेमरी असलेल्यासाठी नाताळाच्या तोंडावर तीन दिवस खर्च केले. मला हे तीन दिवस या साऱ्या दफ्तरातले सर्वांत सुंदर पान वाटतात. जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ निघाली आणि सोबतच्या टिपणात १ फेब्रुवारीपासून परवाना ग्नूचा, म्हणजे जीपीएल राहील, असे जाहीर झाले. पहिल्या परवान्यात तर कोणालाही पैसे घेऊन वाटण्याची मुभाच नव्हती.

२९ जानेवारीला टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचे जाहीर लिहिले. वादाचा पुष्कळ भाग कर्नेलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, रचनेबद्दल आहे आणि तो तज्ज्ञांनी चर्चिला आहे. त्यांचा दुसरा आक्षेप, प्रणाली एका चिपला जखडलेली आहे, मूळ कोड पाहता पूर्ण खरा होता. ०.०१मध्ये जास्तीत जास्त ६४ कामे चालतात आणि प्रत्येकाला ६४ एमबीची पत्ते-जागा ठरलेली आहे. ६४ गुणिले ६४ एमबी म्हणजे ३८६ची पूर्ण ४ जीबी. या रचनेला ३८६बाहेर पायच नव्हता. टॅनेनबॉम अन्यायाने बोलले असे अनेक जण लिहितात. या मुद्द्यापुरते ते न्यायाने बोलले.

पण वाद सुरू होण्याआधीच एक गोष्ट बदललेली होती. डिसेंबर १९९१च्या ०.११मध्ये डिस्कचे हेड, सेक्टर, ट्रॅक हे आकडे प्रणाली सुरू होताना यंत्राच्या बायॉसकडून स्वतः विचारून घेते. कॉन्फिग फाइल अजून आहे आणि कीबोर्ड अजून फिनिशच गृहीत धरलेला आहे. ‘लिनस_एचडी’ आणि ‘लासू_एचडी’ ही दोन नावे मात्र तिच्यात नाहीत.