मुक्या पडद्यावरचे मुके नट

हैदराबादच्या आबिड्स भागात घटकाभर उभे राहिले, तर उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड अशा कितीतरी भाषा कानांवर पडतात. या बहुभाषी नगरात १९२२ साली धीरेंद्रनाथ गांगुली यांनी लोटस फिल्म कंपनी काढली, तो काळ मूकपटांचा होता. पडद्यावरची अक्षरे वाचता न येणाऱ्यालाही चित्र समजत असे. नट कोणत्या मुलखाचा, हा प्रश्नच उद्भवत नसे. इतकेच काय, तो मनुष्य असण्याचीही आवश्यकता नव्हती!

१९०५ साली इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ यांनी एक छोटासा चित्रपट काढला. पळवून नेलेल्या बाळाचा माग काढून कुत्रा धन्याला तेथवर घेऊन जातो, एवढीच त्याची कथा. काम केले होते हेपवर्थ यांच्या घरच्याच ब्लेअर नावाच्या कुत्र्याने. चित्रपटाच्या प्रतींना इतकी मागणी आली, की मूळ फीत झिजून गेली व तो पुन्हा दोनदा चित्रित करावा लागला. पुढे अमेरिकेत १९२१ मध्ये स्ट्राँगहार्ट पडद्यावर आला. पाठोपाठ, पहिल्या महायुद्धात १९१८ साली फ्रान्समध्ये ली डंकन या सैनिकाला सापडलेले पिल्लू 'रिन टिन टिन' या नावाने जगभर गाजले. धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या वाटेवर चाललेल्या श्वानाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला ही स्वामिनिष्ठा कोणी समजावून सांगावी लागते काय?

मूकपटात माणूस आणि मुके जनावर एकाच पायरीवर उभे होते. दोघांनाही डोळ्यांनी आणि देहानेच बोलावयाचे होते. बोलपट येताच ही समानता संपली. १९२९ मध्ये वॉर्नर बंधूंनी रिन टिन टिनचा करार संपविला. आणखी काही चित्रपटांत कामे करून १९३२ साली तो मरण पावला.

आपल्याकडे १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला, १९३२ मध्ये मराठीत 'अयोध्येचा राजा' आला, तर १९३४ मध्ये कन्नडमध्ये 'सती सुलोचना'. प्रत्येकाला आपल्या मातृभाषेचा पडदा लाभला, हा लाभ लहान नव्हे. तथापि एकाच बाकावर बसून एकच चित्र पाहणारे शेजारी आता वेगवेगळ्या खेळांना जाऊ लागले. वाडिया बंधूंच्या साहसपटांत नादियाच्या जोडीला 'गनबोट' हा कुत्रा पुढेही धावत राहिला, आणि त्याच्यासाठी टाळी वाजविताना कोणालाही भाषेची अडचण पडली नाही. शेजाऱ्याची भाषा येत नसली, तरी त्याच्या डोळ्यांकडे पाहावयाचे असते, एवढे तरी त्या मुक्या नटांनी आपल्याला शिकविले आहे.